पुढचा भाग कपाटात हवा

अद्भुतरम्य प्रेमकादंबऱ्यांच्या मालिका गावच्या अनुदानित वाचनालयाने घ्याव्यात का, या प्रश्नावर कार्यकारिणीच्या बैठकीत दोन मते ठरलेली असतात. सरकारच्या पैशात जादूटोणा आणि राजपुत्र कशाला, हे एक. पोरी वाचतात तर वाचू द्या, हे दुसरे. मग तडजोड म्हणून मालिकेचा फक्त पहिला भाग घेतला जातो. ही तडजोड दोन्ही मतांपेक्षा वाईट आहे. मालिका घ्यायची तर शेवटपर्यंत घ्यावी, नाहीतर त्याच पैशात चार सुट्या कादंबऱ्या आणाव्यात. या प्रकारच्या लेखनात पहिला भाग म्हणजे बहुतेक वेळा पेरणीच असते, आणि एकट्या पेरणीवर कोणी पिकाचा अंदाज बांधत नाही.

पहिल्या भागावर ओझे फार असते. नवे राज्य, त्याचा नकाशा, तिथल्या जादूचे नियम, घराणी, जुने वैर आणि या सगळ्यात दोन माणसांची भेट, हे साडेचारशे पानांत बसवायचे असते. त्यामुळे पहिल्या भागातले प्रेम बहुधा ठरीव वळणाने जाते. आधी भांडण, मग ओढ, एक बर्फाळ रात्र आणि एकच पांघरूण. वाचक ते गोड मानून घेतो. चौथ्या भागात लेखकाला समजावून सांगण्याचे काम उरलेले नसते. नदीचे नाव आले की पूल कोणी जाळला हे वाचकाला ठाऊक असते. नायिकेने डावा हात लपवला की का लपवला हे सांगावे लागत नाही. एका वाक्यात तीन भागांचा भार उचलता येतो, आणि ही सोय सुट्या कादंबरीला मिळत नाही.

हे नवे नाही, आणि विदर्भाला तर मुळीच नवे नाही. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलोपाख्यान सांगतात. त्याची नायिका विदर्भाच्या भीमराजाची मुलगी दमयंती. तिचे कुंडिनपूर म्हणून आज अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यातले वर्धाकाठचे कौंडण्यपूर दाखवतात. रुक्मिणीचे माहेरही तेच. कथेचा पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे. सोनेरी पंखांचा हंस निरोप आणतो, स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचे रूप घेऊन बसतात, आणि पाच सारख्या पुरुषांतून दमयंती खरा नळ ओळखते. कशावरून? देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. नळाची सावली पडलेली असते, अंगावर धूळ असते आणि गळ्यातली माळ सुकलेली असते. ती माणूस निवडते. लग्न होते, देव खूश होऊन नळाला वर देतात, आणि आजचा प्रकाशक इथे पहिला भाग संपवून मुखपृष्ठावर हंस छापेल.

पण कथेची ताकद पुढे आहे. पाय न धुता संध्या केली एवढ्या चुकीतून कली नळात शिरतो. द्यूतात राज्य जाते, वनात नळ अर्धे वस्त्र कापून घेऊन बायकोला झोपेत सोडून जातो. कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पालटते आणि तो बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंती माहेरी परतते आणि खोट्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी पेरून त्याला विदर्भात ओढून आणते. तिची दासी केशिनी बाहुकावर पाळत ठेवते. तिला दिसते की त्याने नुसते पाहिले की रिकामी भांडी पाण्याने भरतात, गवताची काडी धरली की पेटते, आणि चुरगळलेली फुले त्याच्या हातात ताजीच राहतात. पाणी आणि फुले वरुणाच्या वरातली, विस्तव अग्नीच्या. मग त्याने शिजवलेल्या मांसाची चव दमयंती घेते. ती चव यमाने दिलेली.

लग्नाच्या वेळी दिलेले वर तेव्हा शोभेचे वाटतात. त्यांचा उपयोग थेट स्वयंपाकघरात, ओळख पटवण्यासाठी होतो. आणि याहून सुंदर गोष्ट अशी की खूण उलटली आहे. पहिल्या वेळी माळ सुकली होती म्हणून तो माणूस ठरला, दुसऱ्या वेळी फूल सुकत नाही म्हणून तो नवरा ठरतो. पहिला भाग वाचलेला नसेल तर दुसऱ्या भागातले हे फूल नुसते फूलच राहते. मालिकेतला पुढचा भाग रंगतो म्हणजे नेमके काय होते, याचे याहून चोख उदाहरण शोधत लांब जायला नको.

आजच्या मालिकांनाही हीच कसोटी लावावी. आधी फुकट वाटलेली वस्तू, वर किंवा शपथ पुढे कामाला येते का? जादूची किंमत शेवटपर्यंत तेवढीच राहते का? पुष्कळ मालिका इथेच घसरतात. पहिल्या भागात एक दिवा तासभर तेवत ठेवला तर नायिकेला चक्कर येते, आणि चौथ्या भागात ती अख्खा किल्ला पेटवून निवांत जेवायला बसते. शत्रू मोठा करत नेला की नायिकेची शक्तीही वाढवावी लागते, आणि किंमत वाढवायचे लेखक विसरतो. मग संकट हे संकट राहत नाही. मेलेले पात्र एकदा परत आणले की पुढचे कोणतेही मरण वाचक खरे धरत नाही. ही सूट एका मालिकेत एकदाच मिळते, तीही तिची किंमत कोणीतरी मोजली असेल तरच.

प्रेमाच्या बाजूने घसरण वेगळी असते. जोडी जुळली, आता काय, हा पुढच्या भागाचा खरा प्रश्न. आळशी लेखक त्यावर तीन उपाय करतो. एका वाक्यात मिटेल असा गैरसमज दोनशे पाने ताणणे, नायकाची स्मृती घालवणे, किंवा तिसरा देखणा उमेदवार आणून उभा करणे. चांगला लेखक जोडी फोडत नाही. दोघांना एका बाजूला ठेवून त्यांच्यात खरा मतभेद आणतो. तहाच्या अटी मान्य करायच्या का, कैद्यांचे काय करायचे, तिच्या राज्याचे सैन्य त्याच्या सरहद्दीवर मरायला पाठवायचे का. अशा भांडणात दोघेही बरोबर असू शकतात.

निवेदकांची संख्याही तपासण्यासारखी. पहिल्या भागात दोघे बोलतात, पाचव्यात सहा जण. त्यातल्या दोघांची प्रकरणे वाचक सर्रास ओलांडून जातो, आणि मग शेवटच्या लढाईत हे दोघे महत्त्वाचे ठरले की लेखकावर चिडतो. मधला भाग नुसत्या प्रवासात गेला तर मात्र लगेच नाक मुरडू नये. प्रवासात दुय्यम पात्रे वाढतात आणि पुढच्या भागातले मरण त्यांच्यामुळेच मनाला लागते.

गावातल्या वाचकाला हे पुढचे भाग जवळचे का वाटतात, याचे एक कारण शहरी समीक्षेत सहसा येत नाही. या मालिकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागात नायिका बहुधा दुसऱ्याच्या राज्यात राहायला जाते. तिथली बोली वेगळी, जेवण वेगळे, दरबारातले मान वेगळे, आणि नवऱ्याच्या आईच्या हाती किल्ल्या. तिच्या स्वतःच्या जादूला तिथे बंदी असते किंवा ती लपवून ठेवावी लागते. हे सासरच आहे, फक्त दाराशी ड्रॅगन बांधलेला आहे. पहिल्या भागातली चोरटी भेट कॉलेजच्या मुलीला आवडेल. लग्न होऊन दोन वर्षे झालेल्या बाईला तिसरा भाग जास्त कळतो, आणि तीच बाई वाचनालयाच्या खिडकीशी "पुढचा भाग हाये का जी?" विचारते. तिला तो भाग नाही म्हणून सांगणे म्हणजे तिच्या कामाचे पान फाडून ठेवणे.

आता आक्षेप. गावात एवढे लांबलचक वाचायला धीर कोणाला आहे, असे म्हणणाऱ्यांनी दिवाळी ते होळी या काळात झाडीपट्टीत जावे. वडशापासून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियापर्यंत गावोगाव रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि लोक थंडीत सतरंज्या अंथरून बसतात. लांबी ही अडचण कधीच नव्हती. मोबाईलवर प्रतिलिपीसारख्या अॅपवर शंभर-शंभर भागांच्या प्रेमकथा वाचल्या जातात, त्या वाचणाऱ्यांत खेड्यातल्या बाया कमी नाहीत. वाचक तयार आहे, पुस्तक तयार नाही.

स्पर्धा परीक्षेचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तलाठी भरती आणि पोलीस भरतीची पुस्तके आधी, कादंबऱ्या मग, असे पालक म्हणतात आणि त्यांचे चुकत नाही. अनेक वाचनालयांत आता अभ्यासिकेचीच खोली गजबजलेली असते. पण ही दोन खरेदी एकमेकींची जागा घेत नाहीत. परीक्षेचे पुस्तक दर वर्षी जुने होते, पुढच्या वर्षी नव्या आवृत्तीसाठी पुन्हा पैसे लागतात. पाच भागांची मालिका एकदा घेतली की पुठ्ठा टिकेपर्यंत फिरते. शिवाय पाचशे पाने वाचून पंधरवड्यानंतर त्यातले धागे लक्षात ठेवणारी मुलगी उताऱ्यावरच्या प्रश्नांना घाबरत नाही. याला परीक्षेची तयारी म्हणायचे असेल तर म्हणा. मालिका घेण्यासाठी त्या आधाराची गरज नाही.

मुली बिघडतात, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याची पद्धत आहे. तसे करू नये, कारण त्यात एक खरी गोष्ट दडली आहे. या मालिकांत पुढच्या भागांचे वय वाढते. पहिला भाग पंधरा वर्षांच्या मुलीला चालेल असा असतो, तिसऱ्यात शयनगृहाचे दार उघडे राहते आणि चौथ्यात छळाची प्रकरणे येतात. समितीतले कोणी पुस्तक चाळतेच तर पहिला भाग चाळते, म्हणजे जिथे काही नाही तिथेच तपासणी होते. ज्याला तपासायचे असेल त्याने मधला भाग वाचावा. पळवून नेणाऱ्यावरच नायिकेचा जीव जडतो, हा या प्रकारातला जुना रोग आहे. तो पुढच्या भागात बरा होतो की लेखक त्यालाच प्रेम म्हणत राहतो, हे बघावे. नायिकेला नाही म्हणता येते का आणि नाही म्हटल्यावर समोरचा थांबतो का, एवढे दोन प्रश्न पुरतात. उत्तर वाईट असेल तर ती मालिका घेऊ नये. बाकीच्या मालिकांच्या अशा पुढच्या भागांवर आतल्या बाजूला 'अठरा वर्षांवरील' एवढे लिहून देवघेव तशी करावी. दहावीच्या मुलीला पहिले दोन भाग द्यावेत आणि पुढचे का देत नाही ते सरळ सांगावे. चोरून वाचण्यापेक्षा ते बरे.

मालिका तुटते कशी, हे बघितले तर दोष कोणा एकाचा निघत नाही. राज्यातली सार्वजनिक वाचनालये १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता घेतात आणि अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळवतात. अनुदानाचा मोठा वाटा सेवकांच्या वेतनात जातो. उरलेल्या पैशात पुस्तके, नियतकालिके, वीजबिल, डागडुजी. वर्ग टिकवायचा तर ग्रंथसंख्या दाखवावी लागते. हप्ता उशिरा आला की मार्चअखेर खरेदी उरकायची घाई होते. वितरक गठ्ठा बांधून देतो, त्यात शीर्षके जितकी जास्त तितके समितीला बरे वाटते. पाच भागांची एक मालिका घेतली तर यादीत पाचही ओळी एकसारख्या दिसतात, पाच वेगवेगळ्या कादंबऱ्या घेतल्या तर यादी भरलेली दिसते. ग्रंथोत्सवात सवलतीच्या ढिगातून तिसरा भाग एकटाच उचलला जातो, कारण मुखपृष्ठ छान असते आणि 'भाग तीन' हे शब्द आतल्या पानावर बारीक अक्षरात असतात. केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून येणाऱ्या पुस्तकांच्या पेट्यांतही अधला-मधला भाग निघू शकतो. तो आला तर टाकून देऊ नये, बाकीचे भाग त्याच्या मागे घ्यावेत.

कपाटात आल्यावर दुसरी तूट. लहान वाचनालयांत पुस्तके पुष्कळदा दाखल क्रमांकानेच, म्हणजे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने, लावलेली असतात. पहिला भाग एका वर्षी आला, दुसरा तीन वर्षांनी. दोघांमध्ये शेकडो क्रमांक आणि दोन लोखंडी कपाटे. विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीने ८९१.४६३ म्हणजे मराठी कादंबरीच्या रांगेत लेखकाच्या आडनावाने लावले तरी त्यात पुन्हा शीर्षकाच्या अक्षराने लावतात, आणि मालिकेचे भाग वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. त्यासाठी इथे संगणक लागत नाही. पाठकण्यावर खालून तीन सेंटीमीटरवर पांढरी चिठ्ठी, तिच्यावर मालिकेचे दोन-तीन अक्षरी चिन्ह आणि भागाचा आकडा, वरून पारदर्शक चिकटपट्टी. दाखल नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात 'मालिका, ५ पैकी २' अशी नोंद. आणि सगळे भाग एकाच फळीवर, दाखल क्रमांक काहीही असो.

घेण्याआधी मात्र मालिकेची जात ओळखली पाहिजे. काही मालिकांत तीच जोडी सगळ्या भागांत पुढे जाते. या अखंड घ्याव्या लागतात, एकही भाग गाळून चालत नाही. दुसऱ्या प्रकारात जग एकच पण प्रत्येक भागात वेगळी जोडी, आधीची जोडी पुढच्या भागात पाहुणी म्हणून येते. यातला कोणताही भाग सुटा घेतला तरी वाचकाचे फारसे बिघडत नाही, म्हणून पैसे कमी असतील तर हाच प्रकार घ्यावा. तिसरा म्हणजे मूळ मालिका गाजल्यावर लिहिलेली मागची कथा, नायकाच्या आईची किंवा खलनायकाच्या तरुणपणाची. ती शेवटी घ्यावी आणि शेवटीच वाचायला द्यावी. कथेतला काळ आधीचा आहे म्हणून कोणी ती आधी वाचली तर मुख्य मालिकेतली निम्मी रहस्ये तिथेच फुटतात. मागच्या पानावरचा मजकूर वाचून हे तीन प्रकार पाच मिनिटांत कळतात. जोडीची नावे सगळ्या भागांत तीच असतील तर पहिला प्रकार.

पैशांचा हिशेब असा. जाड अनुवादित भाग आज चारशे-सहाशेच्या घरात पडतो. पाचशे धरले, वीस टक्के सूट धरली, तर पाच भागांचे दोन हजार. पहिल्या भागाची एक जादा प्रत चारशेला, म्हणजे चोवीसशे. समजा वीस जणांनी पहिला भाग वाचला आणि त्यातले दहा शेवटपर्यंत गेले. पहिल्याच्या वीस आणि पुढच्या चार भागांच्या चाळीस अशा साठ देवघेवी झाल्या. दर वाचनाला चाळीस रुपये. फक्त पहिल्या भागाची एकच प्रत घेतली असती तर चारशेत वीस वाचने, दर वाचनाला वीस रुपये. कागदावर हे स्वस्त दिसते आणि समितीला पटतेही. पण त्यात वीसही जणांच्या हाती अर्धी गोष्ट असते.

जादा प्रत पहिल्याचीच का? पहिल्यावर थांबणारे निम्मे असतात असे धरले तर पहिल्याच्या दोन प्रतींमधून जेवढे वाचक पुढे सरकतात तेवढ्यांना दुसऱ्याची एक प्रत पुरते. पुढचे भाग दुप्पट घेण्यात पैसा अडकतो.

देवघेवीचा नियमही यात निर्णायक आहे. पंधरा दिवसांची मुदत आणि प्रत्येक भागाची एकच प्रत धरा. वाचक एका वेळी एकच भाग नेत असेल तर रांगेतल्या दहाव्या माणसाला पहिला भाग १३५ दिवसांनी मिळतो आणि पाचही भाग २१० दिवसांत, म्हणजे सात महिन्यांत, संपतात. ओळखीच्या सभासदाला पाचही भाग एकदम दिले आणि त्याने ते ७५ दिवसांनी परत केले, अशी सवय सगळ्यांना लागली, तर दहाव्याला पहिला भाग हाती यायलाच ६७५ दिवस लागतील. पावणेदोन वर्षांहून जास्त काळ कोणी प्रेमकथेची वाट बघत नाही, ती पोरगी तोवर लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते. म्हणून अध्यक्षांच्या घरी पुस्तक जायचे असले तरी एका वेळी एकच भाग. मागणी चिठ्ठ्या एका वहीत क्रमाने लावाव्यात, आणि भाग परत आला की पुढच्या वाचकाला निरोप जावा. गावात निरोपाला फोनही लागत नाही, पण करावा.

रांग मोसमाने तुटते, हे विदर्भात धरूनच चालावे लागते. एप्रिल-मेमध्ये दुपारी घराबाहेर पडवत नाही तेव्हा वाचन जोरात असते. मृग लागला की पेरणी, मग निंदण. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघते, पाठोपाठ कापूस वेचणी, ती पुढे महिनोन्‌महिने चालते. मेमध्ये दुसरा भाग संपवलेली बाई तिसरा ऑगस्टमध्ये हाती घेते. तोवर सात घराण्यांची नावे डोक्यातून गेलेली असतात. लेखक आपल्या परीने आठवण करून देतात, पण एकतर चाळीस पाने उगाळतात किंवा अजिबात देत नाहीत. वाचनालयाने ते काम करावे. आधी वाचलेल्या सभासदाकडून दीडशे शब्दांची चिठ्ठी लिहून घ्यावी आणि ती पुढच्या भागाच्या सुरुवातीला चिकटवावी. आधीच्या भागाच्या शेवटी नको, कारण तो भाग पहिल्यांदा वाचणारी मुलगी आधी शेवटचे पान उघडते.

चिठ्ठीत काय लिहावे यालाही विचार लागतो. नुसत्या घटनांची जंत्री उपयोगाची नाही. कोण कुठे आहे, कोणाचे कोणावर ऋण आहे, जादू केल्याची किंमत काय, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कोणाला काय ठाऊक आहे. प्रेमकथेतला ताण गुपितांवर उभा असतो. नायकाला तिचे खरे कूळ कळले आहे, पण ते कळल्याचे तिला माहीत नाही, हे एक वाक्य आठवले नाही तर तिसऱ्या भागातली पहिली शंभर पाने सपाट लागतात. वाचकाने आपल्या बाजूने आधीच्या भागाची शेवटची दोन प्रकरणे पुन्हा वाचावीत. अख्खा भाग पुन्हा वाचायची गरज नसते, आणि तेवढी सवड असेल तर ती पुढच्या भागाला द्यावी.

पुस्तक टिकवण्याचे काम वेगळेच. पाच-सहाशे पानांचे कागदी बांधणीचे पुस्तक बहुधा शिवलेले नसते, पाने कापून पाठीला गरम डिंक लावलेला असतो. पत्र्याच्या खोलीत, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, तो डिंक मऊ पडतो, थंडीत कडक होऊन तडकतो, आणि पुस्तक मधोमध उघडून दाबले की दोन तुकडे होतात. बांधणीवाला अशा पुस्तकाला बाजूने टोचून शिवतो. त्यात आतली एक सेंटीमीटर कोर जाते, ओळींची सुरुवात शिवणीत अडकते आणि पुस्तक उघडे राहत नाही. त्याऐवजी पाठ कानसीने खरवडून, त्यावर आडव्या बारीक खाचा पाडून, फेव्हिकॉलचे दोन हात आणि मांजरपाटाची पट्टी लावावी. वजनाखाली रात्रभर दाबून ठेवावे. हे नवे पुस्तक आल्याबरोबर केले तर उत्तम, पाने सुटल्यावर केले तर एखादे पान हरवलेलेच असते. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावे. वाळवी भिंतीकडून येते आणि मालिका एकाच फळीवर असल्याने एका रात्रीत सगळे भाग तिच्या तावडीत सापडतात. सगळे भाग एकत्र ठेवण्याचा हा एकच तोटा.

दुसरा भाग हरवला तर? हा सगळ्यात वाईट अपघात, कारण बाकीचे चारही भाग त्याच दिवशी निकामी होतात. हरवणाऱ्याकडून किमतीचे पैसे घेऊन पावती फाडण्यापेक्षा तोच भाग आणून द्यायला सांगावे. पैसे सामान्य खात्यात जातात आणि भाग येत नाही.

उरतो अनुवादाचा प्रश्न, आणि तिथे वाचनालयांचे हात लांब पोचू शकतात. मराठीत अशा मालिकेचे पहिले दोन भाग येतात आणि पुढे थांबतात. आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची असते, दुसऱ्या भागाच्या प्रती पडून राहिल्या की प्रकाशक तिसऱ्याचे हक्क घेत नाही. दुसऱ्या भागाच्या प्रती पडून राहण्यात पहिलाच भाग घेणाऱ्या वाचनालयांचाही हात असतो. राज्यात मान्यताप्राप्त वाचनालये अकरा हजारांच्या आसपास आहेत. त्यातल्या विदर्भातल्या शंभरांनी जरी तिसऱ्या भागाच्या एकेका प्रतीची लेखी मागणी आधी नोंदवली तर आवृत्तीचा दहावा हिस्सा छापण्याआधीच खपतो. असे पत्र तालुक्याच्या वाचनालयाने बाकीच्यांच्या वतीने एकत्र पाठवावे, मार्चच्या गर्दीत नको, दिवाळीच्या आत. पत्रात भागाचा क्रमांक आणि प्रतींची संख्या लिहावी. अनुवादक तोच असावा, निदान नावांची यादी जुनी वापरावी, हेही लिहावे, कारण अनुवादक बदलला की पहिल्या भागातली राणी तिसऱ्या भागात वेगळ्याच नावाने बसलेली असते आणि वाचक तिला नवे पात्र समजून पन्नास पाने चाचपडतो. पत्राला उत्तर येईपर्यंत पहिल्या भागाच्या आतल्या पुठ्ठ्यावर शिक्का असावा की तिसरा भाग मराठीत आलेला नाही. पुस्तक घरी न्यायचे की नाही, ते मग नेणारीने ठरवावे.